घरगुती उद्योग: फुकट धरलेलं काय महागात पडलं?

ठाणे-नवी मुंबईत घरातून काही ना काही करून विकणारे आपल्यात बरेच आहेत. 'पाच हजारांत धंदा सुरू करा' छापाचं वाचायला ढिगानं मिळतं, म्हणून भांडवलाचा आकडा इथे नको. ओटा, फ्रिज, मिक्सर घरात असतोच, म्हणून आपण तो हिशेबात धरत नाही. असं न धरलेलं काय काय पुढे पैसे मागायला उभं राहिलं, ते लिहा. धंदा बंद केला असेल तर जरूरच लिहा.

मालवणी_खारघर

आमचा मसाल्याचा उद्योग. कृती सासूबाईंची, विक्री माझी. हंगाम मार्च ते मे, कडक ऊन असेल तोवरच. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, दोन्ही वाशीच्या मसाला मार्केटमधून. मिरचीच्या किलोच्या भावावर तुमचा भाव काढू नका. देठं निघतात, वाळल्यावर मिरची हलकी होते, डंकावर थोडं उडतं, थोडं यंत्रात राहतं. आम्ही तयार मसाला तोलतो आणि मगच दर ठरवतो. डंकावर सकाळी पहिला नंबर लावावा, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाचं काहीतरी आपल्या मसाल्यात येतं आणि जुनी गिऱ्हाइकं वासावरून बरोबर ओळखतात. भाजणं मात्र घरीच. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. दगडफूल सगळ्यात शेवटी, तेही गॅस बंद करून नुसत्या गरम कढईत, कारण ते करपलं की अख्खा घाणा कडू.

आम्ही फुकट धरली होती ती गच्ची. चादरी अंथरल्या की वरच्या मजल्यावर ठसका! सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. सेक्रेटरी भले आहेत, पण ज्यांच्या घरात दम्याचा पेशंट आहे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? आता मिरची पनवेलच्या पुढे नणंदेच्या अंगणात वाळते. टेम्पोचं भाडं आणि नणंदेचे पैसे दोन्ही दरात धरतो. ती 'घरचंच आहे' म्हणत होती. सासूबाईंनीच पाकीट तिच्या हातात कोंबलं.

ऐरोली_डबेवाली (बंद)

आयटीवाल्या मुलांना डबे द्यायचे. आठवड्यातले दोन-तीन दिवस त्यांचं काम घरून सुरू झालं आणि ते जेवायला आपापल्या घरी. पोळ्यांची बाई मात्र रोज येणार, तिला 'आज नको' कसं म्हणायचं? महिनाअखेरीला पैसे हा रिवाजही वाईट. खोली सोडून गेलेल्या मुलाला फोन करून बघा एकदा. त्यात घरचा गॅस धंद्याला वापरायचा नसतो, १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर घ्यावा लागतो. तो धरून डब्याचा भाव सांगितला की समोरचा 'कोपऱ्यावरचा खानावळवाला स्वस्त देतो' म्हणतो. द्यायचा असेल त्याने द्यावा. मी बंद केलं, वाईट वाटत नाही.

फॉल_पिको_नौपाडा

माझं छोटंसं आहे. साडीला फॉल, पिको, पदराचे गोंडे. जुनं पिको मशीन घेतलं, फॉल आणि रिळं जांभळी नाक्यावरून आणते. फॉल आधी पाण्यातून काढून वाळवून मगच लावते, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ गोळा होतो. या पाण्याचे, वाळवण्याचे, इस्त्रीचे पैसे कोणी देत नाही, म्हणून ते दरातच धरलेले. लग्नसराईत 'उद्या हवी' म्हणणाऱ्यांसाठी दर वेगळा. बाकी लिहिण्यासारखं काही नाही, चाललंय छान.

नेरुळकर_कागदवाला

आमच्याकडे हिचे लाडू आणि माझी कागदपत्रं अशी वाटणी आहे. कागदपत्रांना सगळे उगाच घाबरतात. मी २०२२ मध्ये काढलं तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) साधं रजिस्ट्रेशन पुरत होतं, फी वर्षाला १०० रुपये. काढण्याआधी आजची मर्यादा साइटवर बघून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी साइटवर ती फुकट होते. त्यासाठी एजंट भरभक्कम पैसे मागत होता. आधार-पॅन घेऊन बसलो, चहा संपेपर्यंत झाली.

वेळ खाल्ला तो लेबलने. बंद पाकीट विकायचं तर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहारीची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, सगळं त्यावर हवं. हिने निवडलेल्या सुंदर गोल डबीवर हे मावेना. आता डबी चौकोनी आहे, दिसायला बेताची. ती अजून मला त्यावरून बोलते.

पाचपाखाडी_मोदक

उकडीचे मोदक. पिठी आंबेमोहोराची, सारण आदल्या दिवशी. सगळ्यांना नैवेद्य एकाच वेळी दाखवायचा असतो, त्यामुळे हाताला वेग कितीही असला तरी धंदा मोदकपात्र ठरवतं. किती ऑर्डर येतायत हे मी बघत नाही. सकाळच्या वेळात किती घाणे उतरतील ते मोजते आणि तिथे दार बंद. चतुर्थीला गोखले रोडवर रिक्षा हलत नाही, म्हणून डिलिव्हरी नाही, घरून न्या. कळ्या पाडायला शेजारच्या दोघी येतात, दोघींना नगाप्रमाणे रोख. मैत्रीखातर बोलावलं असतं तर दुसऱ्या वर्षी आल्याच नसत्या.

मालवणी_खारघर

मोदकताई, ॲडव्हान्स ओळखीच्यांकडूनही घेता का? आमच्याकडे नातेवाईक 'देतो गं' म्हणतात आणि विषय संपतो.

पाचपाखाडी_मोदक

घेते. मावससासूबाईंकडूनही घेतला. फोनवर त्या जरा तुटक बोलल्या, पण तासाभरात जीपे केलं. पैसे आले की नाव वहीत, त्याआधी नाही. यंदापासून फक्त ११ किंवा २१ च्या पटीत घेणार आहे, सुटे पाच-सात मोदक नाहीत.