'टोकियो ड्रिफ्ट' तिसरा म्हणून बघायचा की सहाव्यानंतर? (कथा फुटेल, न पाहिलेल्यांनी जपून)

पुणेरी_बाबा:
मुलाला सुट्टीत 'फास्ट अँड फ्युरिअस' मालिका दाखवतोय, रोज रात्री एक सिनेमा. वय तेरा. दोन झाले. मियामीतला दुसरा त्याला तुफान आवडला, मला बेताचाच. उघडणाऱ्या पुलावरून गाडी उडते तेवढं सोडलं तर पॉल वॉकर एकटा पडल्यासारखा वाटतो.

आज नंबर 'टोकियो ड्रिफ्ट'चा. पण आमच्या या छोट्या साहेबांनी कुठेतरी वाचलंय की हा आत्ता बघायचाच नाही, कथेच्या क्रमाने तो सहाव्यानंतर येतो. मी २००६ साली मित्रांबरोबर थिएटरात पाहिला तेव्हा आम्हाला कुठला आलाय क्रम! विन डिझेल शेवटी दोन मिनिटं दिसतो, पॉल वॉकर तर नाहीच. पैसे गेले म्हणत बाहेर पडलो होतो. बायकोचं मत: वगळा आणि थेट चौथा लावा. काय करू?

रात्रपाळी:
सहाव्याच्या आगेमागे. २०१३ च्या सहाव्या भागात नावं सरकायला लागल्यावर मध्येच टोकियोतला तो अपघात (ज्यात हान मरतो) पुन्हा दाखवतात आणि गाडीतून जेसन स्टॅथम उतरतो. त्याच्या आदल्या रात्री 'टोकियो ड्रिफ्ट' पाहिलेला असेल तर अंगावर काटा येतो. उलटही चालेल. पण सहावा संपला म्हणून टीव्ही बंद करू नका.

गॅरेजवाला_कोल्हापूर:
दादा, तिसरा तिसऱ्यालाच बघायचा. आणि वगळायचं तर नावच काढू नका.

मी गेली अठरा वर्षं गाड्यांखाली झोपून काढलीत, त्यामुळं माझं मत जरा वेगळं असणार. ह्या सगळ्या मालिकेत गाडी चालवणं ही शिकायची गोष्ट आहे असं सांगणारा हा एकच सिनेमा. बाकी सगळीकडं हिरो जन्मतःच उस्ताद. इथं हिरो शॉन पहिल्याच रात्री पार्किंगच्या इमारतीत हानची, म्हणजे पुढं त्याला शिकवणाऱ्याची, निसान सिल्व्हिया गाडी घेऊन उतरतो आणि भिंतींना घासून घासून तिचा पार चिवडा करतो. का? सरळ रस्त्यावर पळवायची सवय, वळणावर मागची चाकं सोडायची आणि तरी गाडी हातात ठेवायची हे त्याला ठाऊकच नाही. मग धक्क्यावर सराव. तिथं दोन-तीन माणसं गळ टाकून बसलेली दाखवलीत, त्यातला एक पोराचं चालवणं बघून हसतोय. तो केइची त्सुचिया. खराखुरा ड्रिफ्ट किंग तोच, सिनेमातल्या खलनायकाचं 'डीके' हे नाव त्याच्यावरूनच आलंय. आमच्या पोरांना मी तेवढा सीन थांबवून दाखवतो.

मागची चाकं इंजिनवर असल्याशिवाय खरा ड्रिफ्ट जमत नाही. क्लच दाबून रेस चढवायची, फटकन सोडायचा, मागचा भाग निघाला की स्टेअरिंग उलट्या बाजूला आणि पुढं सगळा खेळ अॅक्सिलरेटरवर. मारुती ८०० मध्ये हँडब्रेक ओढून जे करतात तो ड्रिफ्ट नव्हे, ती नुसती घसरगुंडी, कारण ताकद पुढच्या चाकांना. आपल्याकडं मागच्या चाकांची म्हणजे ओम्नी आणि जुनी पद्मिनी. तिच्यावर नाद करायचा नाही! सिनेमात शॉनला ती लाल लान्सर इव्हो दिलीय ना, ती मुळात चारही चाकांवर चालते. शूटिंगसाठी तिची पुढची चाकं सोडवून फक्त मागच्यांवर आणली होती. हे कळल्यावर मला दिग्दर्शक जस्टिन लिनबद्दल आदरच वाटला.

आणि शेवटच्या शर्यतीतली फोर्ड मस्टँग. बापाची गंजलेली १९६७ ची, त्यात त्या फुटक्या सिल्व्हियातलं सहा सिलिंडरचं जपानी इंजिन. एका गाडीचं काळीज दुसरीत बसवायला माउंटिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत किती झटापट असते ते आम्हाला विचारा. सिनेमात गाण्याएवढ्या वेळात होतंय, असो. पण हारलेल्या गाडीचंच इंजिन शेवटी जिंकतंय, हे लिहिणाऱ्याला गाड्या कळतात.

योकोहामाकर:
नोकरीमुळे इथे आले त्याला सहा वर्षं झाली. सिनेमातला बराचसा टोकियो लॉस एंजेलिसमध्ये उभा केलाय, ते आता लगेच ओळखू येतं. पण शॉन शाळेत बूट घालून शिरतो आणि बाई त्याला 'उवाबाकी' (शाळेत आत घालायचे बूट) म्हणून टोकतात, तो प्रसंग अगदी खरा. माझ्या मुलीच्या शाळेत पहिल्या दिवशी मलाही हेच ऐकावं लागलं.

हान म्हणतो की ताशी १८० च्या वर गेलात तर पोलीस पाठलागच करत नाहीत. अर्धं खरं. जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवून गाड्यांना १८० चा लगाम घातला होता. पण तोचिगीच्या पोलिसांकडे होंडाची एनएसएक्स होती, तिच्यापुढे हानला हातातलं नेहमीचं चिप्सचं पाकीट खाली ठेवावं लागलं असतं. रेस नाही पण गाड्यांची जत्रा बघायची तर आमच्याकडचं दाइकोकू पार्किंग. शनिवारी रात्री हानच्या माझदा आरएक्स-७ गाडीच्या भावंडांची रांग असते. पोलीस येऊन भोंग्यावरून 'बंद करतोय' सांगतात, सगळे निमूट निघतात. सिनेमावाल्यांना हे आवडणार नाही.

खडूस_प्रेक्षक:
गाड्या झाल्या, माणसांचं बोला. सतरा वर्षांचा शाळकरी म्हणून जो दाखवलाय तो बारावीला तीनदा बसलेला वाटतो. सुरुवातीच्या शर्यतीत पोरगी स्वतःलाच बक्षीस म्हणून लावते, आणि नायिका नीलाला शेवटपर्यंत शेजारच्या सीटवर बसण्यापलीकडे फारसं काम नाही. मुलाबरोबर बघताय तर त्यावर बोला थोडं. आणि क्रमाचं म्हणाल तर सहाव्यात २०१३ चे फोन, नंतर घडणाऱ्या तिसऱ्यात घडीचे. सातव्यात शॉन त्याच आठवड्यातला म्हणून येतो आणि नऊ वर्षांनी थोराड दिसतो. कुठलाही क्रम लावा, भोक राहणारच.

हानबद्दल मात्र तक्रार नाही. तो माणूस पडद्यावर नुसता काहीतरी चघळत उभा राहतो आणि बाकीचे फिके पडतात.

पुणेरी_बाबा:
सगळ्यांचे आभार. गॅरेजवाले दादांचं ऐकलं, काल तिसराच लावला. मासेमारीवाला सीन थांबवून त्सुचिया दाखवला, भाव खाल्ला. खडूसराव, पोरीच्या पैजेवर मुलगाच म्हणाला, "हे काय, ती काय ट्रॉफी आहे?" मला बोलावं लागलं नाही.

हानची गाडी पेटली तेव्हा मात्र उठून आत गेला. जेवताना गप्प. आज चौथा लावला, तर पहिल्याच प्रसंगात टँकरच्या चोरीत हान जिवंत! सोफ्यावर उभा राहून ओरडला, "बाबा, हा तर मेला होता ना?" मी काही बोललो नाही. वेफर्सचं पाकीट त्याच्यापुढे केलं.