बांध कोरणारे तिथेही होतेच
कुंपणांच्या कायद्यांनी (म्हणजे खुली, सामाईक जमीन कुंपण घालून खाजगी करणाऱ्या कायद्यांनी) इंग्लंडमधली जुनी खुली शेतं पार पुसली गेली, असं म्हणतात. बहुतांशी खरं, पण नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन हे गाव त्यातून सुटलं. तिथे अजून तीन मोठी बिनकुंपणाची शेतं आहेत, शेतकऱ्यांच्या पट्ट्या त्यात विखुरलेल्या, आणि आळीपाळीने एक शेत पड. १६३५ च्या नकाशात या पट्ट्या दिसतात.

आणि बांध कोरणं ही फक्त आपली खासियत नव्हे बरं का! लॅक्स्टनमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस गावचे पंच गव्हाच्या शेतात फिरून हद्दीच्या खुंट्या ठोकतात. नांगर रस्त्यात किंवा सामाईक गवतात घुसवला असेल, तर दंड. आठवड्याभराने गावच्या पबमध्ये कोर्ट भरतं. रक्कम किरकोळच, पण विषय चारचौघांत निघतो ना.