पायथनमध्ये स्वतः घातलेले ‘अनलेस’ विधान फंक्शनच्या आत चालत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. पायथनचा प्रोग्रॅम आतून कसा चालतो, हे नुसते वाचून मला नीट उमगत नव्हते. म्हणून २०२३ मध्ये आलेल्या सीपायथन ३.१२ चा (सी भाषेत लिहिलेल्या मूळ पायथनचा) सोर्स कोड उतरवून घेतला आणि अट खोटी असेल तेव्हाच आतला भाग चालवणारे ‘अनलेस’ हे विधान भाषेत स्वतः घालून पाहायचे ठरवले.

पहिला प्रयत्न सोपा गेला. ‘पायथन.ग्राम’ या व्याकरणाच्या फाईलमध्ये एक नियम वाढवला, त्यात अटीला ‘नॉट’ लावून नेहमीचाच ‘इफ’ नोड (प्रोग्रॅमच्या रचनेच्या झाडातला घटक) परत दिला आणि पार्सर, म्हणजे कोड वाचून ते झाड बनवणारा भाग, पुन्हा तयार केला. ‘डिस’ मोड्यूलने बाइटकोड (पायथन प्रत्यक्ष चालवतो त्या सूचना) उलगडून पाहिला, तर ‘युनरी नॉट’ ही सूचना त्यात कुठेच नव्हती. ‘पॉप जंप इफ फॉल्स’च्या (अट खोटी तर उडी) जागी ‘पॉप जंप इफ ट्रू’ (अट खरी तर उडी) आले होते, एवढाच फरक. म्हणजे अटीचा नकार वेगळा काढत न बसता कंपायलर उडीची अटच उलटी करतो. भाषेत हात घातल्याशिवाय हे माझ्या कधीच लक्षात आले नसते.

अडचण दुसऱ्या प्रयत्नात आली. या वेळी ‘इफ’चा आधार न घेता नोडांची यादी असलेल्या ‘पायथन.एएसडीएल’मध्ये ‘अनलेस’चा स्वतंत्र नोड जाहीर केला, त्यावरून तयार होणाऱ्या फाईली पुन्हा निर्माण केल्या आणि बाइटकोड तयार करणाऱ्या ‘कंपाइल.सी’मध्ये त्याच्यासाठी कोड लिहिला. मोड्यूलच्या पातळीवर हे विधान बिनचूक चालते. मात्र ‘तयार’ हे पॅरामीटर घेणाऱ्या फंक्शनमध्ये ‘अनलेस तयार’ असे लिहून त्याच्या आत ‘एकूण = ५’ एवढी एकच ओळ दिली, की ‘नो लोकल्स फाउंड व्हेन स्टोअरिंग’ असा सिस्टिम एरर येतो. त्याच फंक्शनमध्ये ‘अनलेस’च्या आधी ‘एकूण = ०’ लिहिले, तर मात्र एरर येत नाही, आणि मला वाटते खरा धागा इथेच आहे.

एरर येतो तेव्हा बाइटकोडमध्ये ‘स्टोअर फास्ट’ऐवजी (फंक्शनच्या स्थानिक नावात साठवणे) ‘स्टोअर नेम’ (नावाने शोधून साठवणे) दिसते. नाव स्थानिक आहे की बाहेरचे, हे बाइटकोड तयार होण्याआधी सिम्बॉल टेबलच्या (नावांची नोंद करण्याच्या) फेरीत ठरते, आणि ती फेरी माझ्या नोडच्या आत शिरतच नसावी, असा माझा अंदाज आहे.

हा अंदाज बरोबर असेल, तर ‘सिमटेबल.सी’मध्ये अट आणि आतली विधाने या दोन्हींना भेट देणारी एक केस वाढवणे पुरेसे आहे का? नवीन नोडची दखल आणखी कोणत्या टप्प्यांवर घ्यावी लागते, आणि विशेषतः नोडांचे झाड आधीच सोपे करणाऱ्या ‘एएसटी_ऑप्ट.सी’मध्ये ती घेतली नाही तर चूक होते की फक्त ऑप्टिमायझेशन हुकते? मी साधा बिल्ड वापरत आहे. अंतर्गत तपासण्या चालू करणारा ‘विथ-पायडीबग’ पर्याय देऊन बांधला असता, तर ही चूक कंपाइल होतानाच पकडली गेली असती का?

तयार पॅच देण्यापेक्षा कोणते फंक्शन कोणत्या क्रमाने वाचावे, एवढे जाणकारांनी सांगितले तर मला अधिक उपयोग होईल.