शब्दचर्चा: कॉर्नर, आतला की बाहेरचा?

प्रश्न: इंग्रजी ‘कॉर्नर’ला स्पॅनिशमध्ये ‘एस्कीना’ आणि ‘रिंकोन’ असे दोन शब्द सापडले. ‘दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर भेटू’ या वाक्यात मी रिंकोन घातला, तो बाईंनी खोडला. आपण तर दोन्हींना कोपराच म्हणतो. काका, समजावून सांगाल का?

उत्तर: बाईंनी खोडला ते बरोबरच केलं. दोन भिंती मिळतात तिथे तू आत उभा असशील तर रिंकोन, बाहेरून वळसा घालणार असशील तर एस्कीना. केरसुणी ठेवतो तो रिंकोन. आपल्या बडोद्यात मांडवीपासून जुन्या शहराच्या चारी दरवाजांकडे रस्ते फुटतात, तिथे वळणावरचं दुकान एस्कीनाला. टेबलाचा गुडघ्याला लागतो तो कोपराही एस्कीनाच. (रिंकोन मूळचा अरबी, ‘रुक्न’वरून आलेला.) लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी खोलीच्या कोपऱ्यालाही एस्कीना म्हणतात, पण शिकताना तू फरक पाळ.

आणि मराठीत हा भेद नाही असं समजू नकोस. आपण शब्द तोच ठेवतो, प्रत्यय बदलतो. केरसुणी कोपऱ्यात, दुकान कोपऱ्यावर. ‘दुकान कोपऱ्यात आहे’ म्हटलं की ते कुठेतरी दडलेलं वाटतं! मला हे फार सुंदर वाटतं. फक्त कागदाला हे लावू नकोस: पृष्ठक्रमांक आपण पानाच्या कोपऱ्यात छापतो, स्पॅनिशमध्ये तिथे एस्कीनाच.

आणखी एक उत्तर: काकांच्या म्हणण्यात थोडी भर. डोळ्याच्या कोपऱ्याला यातला एकही शब्द चालत नाही. तिथे ‘राबियो’, म्हणजे डोळ्याची छोटी शेपटीच. ओठांच्या कोपऱ्याला ‘कोमिसूरा’. एखाद्याला ‘कॉर्नर’ करणं म्हणजे ‘आकोर्रालार’. त्यात ‘कोर्राल’ आहे, गुरांचा वाडा. आपणही माणसाला कोंडीत पकडतो आणि मोकाट गुरांना कोंडवाड्यात घालतो, तेव्हा हा शब्द लगेच लक्षात राहील. परीक्षा जवळ आली हे सांगायला मात्र इंग्रजी आणि स्पॅनिश दोघीही तिला कोपऱ्याच्या वळणापलीकडे उभी करतात. आपल्याकडे ती थेट तोंडावर येते.

प्रश्न: काका, ताई, आता पटलं. वाडीतल्या आमच्या जुन्या घरात दिव्याचा कोनाडा आहे. तो आतलाच, मग रिंकोन म्हणू?

उत्तर: नको. कोनाडा दोन भिंतींच्या सांध्यात नसतो, एकाच भिंतीत कोरलेला असतो. त्याला ‘ओर्नासीना’ किंवा ‘निचो’ म्हण.