फोर व्हील ड्राइव्ह आणि लांबच्या प्रवासातले खोळंबे : आपले अनुभव लिहा

लांबच्या प्रवासाला फोर व्हील ड्राइव्ह गाडी असली की माणूस निर्धास्त होतो, आणि माझ्या मते बऱ्याच खोळंब्यांचे मूळ या निर्धास्तपणातच असते. चारही चाकांना ओढ मिळावी म्हणून गाडीत एक ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या आसांत वाटणारी पेटी), एक जादा डिफरन्शियल (वळताना चाकांना कमी-जास्त वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी), एक जादा प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद आसापर्यंत नेणारा लांब दांडा) आणि त्यांच्या सोबतीने कितीतरी सील, रबरी बूट आणि सांधे आलेले असतात. साहजिकच बिघडू शकणाऱ्या वस्तूंची यादीही तेवढीच लांबते. कोणत्या कंपनीची गाडी चांगली, हा वाद इथे नको. प्रवासात नेमके काय बिघडले, गाडीने आधी काही इशारा दिला होता का आणि पुढचा मुक्काम कसा गाठला, एवढे तपशिलाने लिहावे. सुरुवात मी करतो.

माझी गाडी पार्ट-टाइम प्रकारातली, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये डिफरन्शियल नसलेली. चाळीसेक किलोमीटर चिखल तुडवून डांबरी रस्त्याला लागलो आणि लिव्हर टू-व्हीलवर आणायचे विसरलो. पहिल्या दोन-तीन वळणांवर स्टिअरिंग जड लागले आणि गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळू लागली. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. चिखलात चाके घसरून हा फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. थांबून लिव्हर ओढली तर ती हलेना. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर लिव्हरची मूठ तेवढी हातात आली. शेजारी थांबलेल्या एका ट्रकचालकाने सांगितल्यावर गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा मीटर मागे घेतली, खाली कुठेतरी ‘खट्ट’ असा आवाज झाला आणि लिव्हर दोन बोटांनी सरकली.

*

माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. मी दीड वर्षात फोर व्हील एकदाही लावली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. वाळूत रुतल्यावर बटण दाबले तेव्हा दिवा लुकलुकत राहिला आणि पुढची चाके ढिम्म हलली नाहीत. या गाडीत पुढचे हब (चाकांचे मधले भाग) व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतून हवा ओढून, जोडले जातात. दोन तास वाळू उपसल्यानंतर बॉनेट उघडून पाहिले, तर व्हॅक्यूमच्या बारीक नळीचे टोक कडक होऊन केसाएवढे चिरले होते. ते अर्धा इंच कापून नळी पुन्हा बसवली आणि पाच मिनिटांत गाडी बाहेर निघाली. तेव्हापासून दर महिन्याला एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर व्हील लावून चालवतो; आतल्या भागांपर्यंत तेल पोचते आणि यंत्रणा जिवंत आहे हेही कळते.

*

नदी ओलांडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा बिघाड त्या दिवशी दिसत नाही. भर उन्हात पाच तास गाडी चालवून आम्ही गुडघाभर पाण्याच्या एका नदीवर पोहोचलो आणि उत्साहाच्या भरात न थांबता तशीच गाडी पाण्यात घातली. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेचा पाइप उंच बसवला होता, त्यामुळे सगळी काळजी घेतली असा आमचा समज होता. इंजिनाला खरोखरच काही झाले नाही. मात्र डिफरन्शियलचे हाउसिंग तापलेले असते, ते गार पाण्यात बुडाले की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने किंवा ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या छोट्या तोंडातून) बाहेरचे पाणी आत ओढून घेते.

सुमारे सहाशे किलोमीटर गाडी नीट चालली. मग ताशी साठच्या पुढे मागून ‘घूं’ असा आवाज येऊ लागला, आणि आम्ही तो टायरचा समजून आणखी एक दिवस काढला. शेवटी एका गॅरेजमध्ये डिफरन्शियलचा प्लग उघडला तेव्हा तेलाऐवजी पांढुरके, साबणाच्या फेसासारखे काहीतरी गळू लागले आणि प्लगच्या चुंबकाला लोखंडाचा किस दाढीच्या खुंटांसारखा चिकटलेला होता. बेअरिंग तिथे मिळण्यासारखे नव्हते. ताजे तेल भरले, तासभर चालवून तेही काढून टाकले, पुन्हा भरले आणि उरलेले अंतर ताशी चाळीसने कापले. आता दोन्ही आसांच्या ब्रीदरना लांब नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेली आहे, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी अर्धा तास थांबतो. ज्यांच्या गाडीचा ब्रीदर अजून थेट आसावर बसवलेला आहे, त्यांनी निदान त्याचे तोंड चिखलाने बुजलेले नाही ना, हे पाहावे.

*

इतरांचे अनुभव खरेच आहेत, पण अकरा वर्षांत माझी गाडी फोर व्हील यंत्रणेमुळे एकदाही थांबलेली नाही. थांबली ती रेडिएटरच्या होज पाइपमुळे, फॅन बेल्टमुळे आणि एकदा बॅटरीच्या सैल टर्मिनलमुळे. या शेवटच्या वेळी खडबडीत रस्त्यावर रात्री सगळे दिवे एकाच वेळी गेले आणि आम्ही अंधारात अर्धा तास फ्यूज तपासत बसलो. दहा नंबरचा पाना आता माझ्या हाताशी असतो, हत्यारांच्या पेटीत तळाशी नाही.

*

मी गाडी स्वतः दुरुस्त करणारी बाई नाही, पण एक युक्ती मला प्रत्यक्ष उपयोगी पडली म्हणून लिहिते. प्रवासाच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी निघताना खालून एक ‘ठक्’ आवाज येत होता; तिसऱ्या दिवशी हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव ऐकू येऊ लागली. ग्रीस संपलेला क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला फुलीच्या आकाराचा भाग) असाच बोलतो, हे मला नंतर कळले. चौथ्या दिवशी गाडीला इतकी थरथर सुटली की आम्ही वस्तीपासून ऐंशी किलोमीटरवर थांबलो. दीर खाली सरपटत गेले आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसभोवती जमलेली तांबूस भुकटी बोटावर घेऊन बाहेर आले. भावानेही एकदा वाकून पाहिले आणि दोघांनी फ्लँजचे (शाफ्टच्या टोकाच्या जोड-चकतीचे) बोल्ट उघडून तो शाफ्टच काढून घेतला, फोर व्हील लावली आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर ऐंशी किलोमीटर चालवत नेली. दोन शाफ्टची गाडी असल्याचा एवढा मोठा फायदा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

यात एक धोका आहे, तो मात्र लक्षात ठेवावा. मागचा शाफ्ट सुटला आणि फोर व्हील लावलेली नसली की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर घरंगळू शकते, आणि ज्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला शाफ्टवर असतो, त्यांचा हँडब्रेकही निरुपयोगी होतो. म्हणून शाफ्ट काढण्यापूर्वी चाकांना मोठे दगड लावले होते. फ्लँजवर खडूने खुणाही केल्या होत्या; नवा क्रॉस बसवून शाफ्ट लावताना पूर्वीचीच जागा साधता आली. शाफ्टचे टोक जिथे थेट ट्रान्सफर केसच्या आत सरकलेले असते, तिथे तो ओढला की तेल बाहेर येते, त्यामुळे अशा गाडीत ही युक्ती इतकी सोपी राहत नाही.

*

माझी गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, लिव्हर वगैरे काही नाही, सगळे संगणक ठरवतो. दगडाने एका टायरची बाजू फाटली म्हणून एकच नवा टायर घातला. उरलेले तीन निम्म्याहून जास्त झिजलेले होते. नव्या टायरचा घेर मोठा असल्यामुळे ते चाक सतत कमी फेरे मारत होते, संगणकाला कुठलेतरी चाक घसरल्याचे वाटत होते आणि मधले कपलिंग (मागच्या चाकांकडे ओढ पाठवणारा जोड) सारखे काम करून तापत होते. तीनशे किलोमीटरनंतर इशाऱ्याचा दिवा लागला आणि मागच्या चाकांची ओढ बंद झाली. आता स्टेपनीही इतर टायरांबरोबर पाळीपाळीने वापरतो, म्हणजे पाचही टायर सारखे झिजतात.

*

क्लच जाळून घेणाऱ्यांत माझाही नंबर आहे. सामानाने भरलेली गाडी, तीव्र चढ, सैल दगड आणि ‘एवढ्यासाठी लो रेंज (ट्रान्सफर केसमधला हळू पण जास्त ओढ देणारा गिअर) कशाला’ हा माझा हट्ट. वास आला तेव्हाच थांबायला हवे होते. लो रेंज म्हणजे हार मानणे नव्हे, हे मला टोइंगच्या गाडीत बसल्यावर पटले.

*

माझ्या वडिलांची एक सवय होती : कुठेही थांबले की ते गाडीभोवती फेरी मारत आणि चारही हबना पालथ्या हाताने स्पर्श करत. आम्ही भावंडे त्यावरून त्यांची थट्टा करत असू. पुढे स्वतःच्या गाडीने निघाल्यावर कधी नकळत मीही तसेच करू लागलो. एका लांबच्या उतारानंतर थांबलो तेव्हा तीन चाके कोमट होती आणि पुढच्या डाव्या हबवरचा हात मला चटकन मागे घ्यावा लागला. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले तर खेळ (ढिलेपणा) लागत होता, आणि फिरवले तर आत वाळू असल्यासारखे खरखरत होते. बेअरिंगचे ग्रीस काळे पडून सुकले होते. ते रॉकेलने धुऊन, तळहातावर ग्रीस घेऊन एकेका रोलरमध्ये दाबून भरले, नट हाताने अंदाज घेत आवळला आणि निघालो. पुढचे दोनशे किलोमीटर दर पंचवीस किलोमीटरला उतरून हात लावत गेलो. मागच्या सीटवरून मुलांनी माझी थट्टा सुरू केली होती, सहाव्या थांब्याला धाकटी स्वतःच उतरली आणि पालथा हात लावून म्हणाली, “बाबा, हे आता बाकीच्यांसारखंच लागतंय.”