विषय: पुतणीचं डेंटलचं ॲडमिशन, शनिवारी पैसे भरायचेत

सुनीता:
मंडळी, गणपतीच्या हॉलचं डिपॉझिट मी आल्यावर बघते. आत्ता घाईचं वेगळं आहे. मी अजून वेंगुर्ल्यातच. दादाची धाकटी बारावी झाली, नीटमध्ये बीडीएसपुरते, म्हणजे दातांची डॉक्टर होण्यापुरते, मार्क पडले नाहीत. आता मुंबईत डेंटल असिस्टंटची तीन वर्षांची पदवी मिळतेय. फी वर्षाला १ लाख ४० हजार, राहणं-जेवण महिन्याला साडेसहा हजार, म्हणजे तीन वर्षांचे साडेसहा लाख. शनिवारी २५ हजार भरले नाहीत तर सीट गेली म्हणतात. दादा पाच लाखांसाठी बाग गहाण टाकायला निघालाय. कॉलेजच्या माणसाने कागदावर लिहून दिलंय, अमेरिकेत पगार ९४ हजार डॉलर. खरं आहे का हे? मेधा, तू तरी सांग.

मेधा:
सुनीताताई, आकडा खरा आहे, पण तो या पदवीचा नाही. इथे अमेरिकेत श्रम खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत डेंटल हायजिनिस्टचा मध्यम पगार वर्षाला ९४,२६० डॉलर आहे आणि असिस्टंटचा ४७,३००. कामंच वेगळी. हायजिनिस्ट स्वतः दात साफ करते, दात आणि हिरडीमधली फट किती खोल ते मोजते, तिला राज्याचं लायसन्स लागतं. असिस्टंट डॉक्टरच्या समोर बसून सक्शन धरते, हत्यारं हातात देते.

लायसन्ससाठी जवळजवळ सगळीकडे इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातच शिकलेलं लागतं. तिकडची असिस्टंटची पदवी त्यात बसत नाही. मी बीडीएस होऊन आले आणि फ्लोरिडात परदेशी डेंटिस्टला हायजिनिस्टची परीक्षा देता येते, म्हणून मला वाट मिळाली. शिवाय इथेही हायजिनिस्टला बॅचलर लागतेच असं नाही, त्याहून छोटी असोसिएट डिग्री पुरते. आमच्या दवाखान्यात एक बॅचलर झालेली आहे, तिला आणि मला तासाचा दर एकच. ती पदवी कामाला येते ती पुढे शिकवायचं असेल तर.

कृपा करून त्या कागदावर विसंबून बाग गहाण टाकू देऊ नका.

प्रकाशकाका:
सुनीता, हे आधी शिक्षण समितीकडे यायला हवं होतं. समिती कशाला नेमली आपण? चिपळूणच्या पुराच्या वेळी असंच या ईमेल यादीवर परस्पर पैसे गोळा करणं सुरू झालं आणि हिशोब शेवटपर्यंत लागला नाही.

तरी मुद्द्याचं सांगतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर मिळत नाही. शनिवारी २५ हजार रोख मागणारे कुठल्या फेरीतून सीट देतायत, हे दादाला लेखी विचारायला सांग.

वैशाली:
काका, पुराचा हिशोब मी त्याच ऑक्टोबरात या यादीवर टाकला होता, पावत्यांसकट. पुन्हा पाठवते. दर वेळी हे ऐकून घ्यायचं मला जड जातं.

अरुण:
मी बँकेत होतो म्हणून गणित मांडतो. पाच लाख, १० टक्के व्याज, सात वर्षं, तर हप्ता महिन्याला सुमारे ८,३०० रुपये. शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळं. आणि सरकारी हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळतं. मग सातबाऱ्यावर बोजा कशासाठी? कोर्स त्या योजनेत बसत नाही असं बँक म्हणाली, तर तेवढ्यावरून कोर्सबद्दल काय ते कळेल.

संदीप:
मेधा अमेरिकेचं बोलली, मी आपल्याकडचं बोलतो. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटिस्टखेरीज नोंदणी ठेवली ती हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक या दोघांची. दोन्ही दोन वर्षांचे डिप्लोमे. असिस्टंटचं त्यात नाव नाही. माझा मेव्हणा मेकॅनिक, कुडाळला लॅब आहे. सकाळी एसटीने डॉक्टरांची मापं येतात, प्लॅस्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, कवळी-कॅप तयार झाली की पार्सलने परत. आधी चार वर्षं दुसऱ्याकडे राबला, मग स्वतःचं टाकलं. हाताखाली आज तिघं आहेत. मुलीला हाताची कामं आवडत असतील तर एक दिवस तिथे नेऊन बसव. माझी आई फोनवर ऐकत होती, ती म्हणते, "चेडवाक शिकव गो, पण बागेर कर्ज काढू नको."

सुनीता:
सगळ्यांचे आभार. काका, यादीवर टाकलं कारण दिवस दोनच होते, समितीचा अनादर नव्हता.

काल मी इथल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले, पुतणीलाही नेलं. तिथली मुलगी रबरी वाडग्यात गुलाबी पावडर पाण्यात कालवून मापाचा ट्रे भरत होती, सगळं डॉक्टरांनीच सहा महिन्यांत शिकवलेलं. बारावी झाली आहे, पगार ९ हजार. पदवीवालीला किती द्याल म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "दोन हजार जास्त देईन, त्यापलीकडे मला परवडत नाही." अरुणभाऊ, अकरा हजारांतून तुमचा ८,३०० चा हप्ता गेला तर मुंबईत खोलीचं भाडंही निघत नाही. दादा बाहेर बाकावर बसून ऐकत होता. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

कॉलेजला फेरीचं लेखी विचारलं, अजून उत्तर नाही. शनिवारचे पैसे भरत नाही. सोमवारी कुडाळला लॅब बघून येतो, मग खेडच्या डेंटल कॉलेजात डिप्लोम्याची चौकशी. संदीप, मेव्हण्याला कळव. मेधा, उद्या तुझ्या सकाळी ९ वाजता फोन करते. पुतणीला नीट पुन्हा द्यायचीय का, ते आमच्यापैकी कुणी तिला विचारलंच नव्हतं. तू विचार.