हेडविगला पारलिंगी म्हणता येईल का?

शेवटची_रांग:
जॉन कॅमेरॉन मिचेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि मुख्य भूमिकाही त्यांनीच केलेला 'हेडविग अँड द अँग्री इंच' (२००१) हा रॉक गायिकेवरचा संगीतमय चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला आणि जुन्या शंकेने परत डोके वर काढले. पूर्व बर्लिनमधल्या हान्सेलला ल्यूथर या अमेरिकी सैनिकाशी लग्न करून देश सोडायचा आहे. त्यासाठी स्त्री होणे भाग आहे, म्हणून आई त्याला स्वतःचे हेडविग हे नाव आणि स्वतःचा पासपोर्ट देते व शस्त्रक्रियेला धाडते, आणि ती शस्त्रक्रिया फसते. आपण स्त्री आहोत असे हान्सेल त्याआधी कुठेही म्हणत नाही. मग या चित्रपटाची गणना पारलिंगी व्यक्तींच्या चित्रपटांत का करावी? की ही मुळात उपऱ्या माणसाची गोष्ट आहे आणि लिंगभाव हे केवळ निमित्त?

कासवगती:
निमित्त म्हणणे मला पटत नाही, पण पारलिंगी हे लेबलही घाईने लावू नये. हान्सेलच्या शरीरावर शस्त्र चालते ते सरहद्दीच्या आणि लग्नाच्या कायद्यापायी. स्वतःची ओळख शोधण्याची वेळ त्याच्यावर नंतर येते. 'टेअर मी डाउन' या गाण्यात हेडविग झालेला हान्सेल, म्हणजे आता ती, स्वतःची तुलना थेट बर्लिनच्या भिंतीशी करते, आणि गाणे मध्येच थांबवून १३ ऑगस्ट १९६१ रोजी ती भिंत कशी उभी राहिली हे प्रेक्षकांना ऐकवले जाते. पुढे कॅन्ससमधल्या जंक्शन सिटीत, लग्नाला वर्ष होते त्याच दिवशी, ल्यूथर तिला सोडून जातो आणि टीव्हीवर तीच भिंत पडताना दिसते. जिच्यासाठी एवढी किंमत मोजली ती अडचणच उरत नाही, शरीर मात्र पूर्ववत होत नाही. काही पारलिंगी प्रेक्षकांना हे शरीर 'बिघडलेले' म्हणून दाखवणे खटकते, आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो.

अनाहत:
या चर्चेत यित्झाक नेहमीच मागे पडतो. हेडविगचा हा ल्यूथरनंतरचा नवरा मिरियम शोर या अभिनेत्रीने दाढी लावून साकारला आहे, आणि विगच्या मोहात पडलेल्या यित्झाकला हेडविग विगला हात लावू देत नाही. दुसऱ्या एका नाटकमंडळीत काम मिळून तो निघू पाहतो, तेव्हा ती त्याचा पासपोर्ट फाडून टाकते. आईच्या पासपोर्टवर स्वतः सुटून आलेली बाईच हे करते आहे, हे लक्षात घ्या! उपऱ्यांबद्दल हळवे होणारे चित्रपट पुष्कळ आहेत. उपरा माणूस सत्ता हाती येताच दुसऱ्या उपऱ्याची वाट कशी अडवतो, हे इतक्या कठोरपणे दाखवणारे फार थोडे. शेवटी ती त्याला विग देते तोवर तिने स्वतःचाही विग उतरवलेला असतो. माझ्या मते लिंगभावाविषयी चित्रपटाला जे म्हणायचे आहे ते त्या देण्यात आहे, शस्त्रक्रियेत नाही.

शेवटची_रांग:
पासपोर्टचा हा धागा माझ्या नजरेतून निसटला होता. पण 'द ओरिजिन ऑफ लव्ह'चे काय? प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये ॲरिस्टोफेनिस सांगतो ती, देवांनी माणसांचे दोन तुकडे केल्याची कथा त्या गाण्यात आहे, आणि हेडविग चित्रपटभर आपला अर्धा भाग टॉमीत शोधत राहते. ज्या पोराने तिची गाणी चोरून नाव कमावले, त्याच्यात!

तळमजला:
इथे रंगमंच आणि पडदा यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. हा चित्रपट ज्या नाटकावर बेतला आहे ते १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या जेन स्ट्रीट थिएटरमध्ये आले, तेव्हा हेडविग आणि टॉमी या दोन्ही भूमिका एकटे मिचेलच करत होते. त्यामुळे शेवटी विग आणि स्त्रीवेश उतरल्यावर समोर उभा राहतो तो टॉमी की हेडविग, हे नाटक मुद्दामच उघडे ठेवते. हरवलेला अर्धा भाग बाहेर कुठे नव्हताच, असाही अर्थ त्यातून निघतो. चित्रपटात टॉमीची भूमिका मायकेल पिटकडे गेली, तो वेगळा माणूस झाला, आणि गाणीचोरीचा राग अधिक खरा वाटू लागला. तरीही कपाळावर टॉमीसारखाच क्रूस काढलेली हेडविग शेवटच्या भागात दिसतेच. तुमच्या मूळ प्रश्नापुरते बोलायचे तर नाटकातली हेडविग मला कोणत्याच लिंगाच्या चौकटीत बसवता येत नाही, चित्रपटातली थोडीफार बसवता येते, आणि म्हणूनच मला नाटक अधिक आवडते.